परदेशी मिशनरी आजी-आजोबांचं बिऱ्हाड कसं लावून द्यावं

मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, कमिटीत पत्र वाचून दाखवलं जातं, पाळकसाहेब प्रार्थना करतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, "तुमचं घर जवळ आहे ना, मग तुम्हीच बघा त्यांचं." नेरूळमध्ये हे काम आजवर तीनदा माझ्याकडे आलं. पासष्ट-सत्तरीचं परदेशी जोडपं वर्ष-दीड वर्षाच्या सेवेसाठी येणार, आणि त्यांचं घर, बाजार, औषधपाणी, पहिल्या महिन्याची धावपळ आपण बघायची. पहिल्या वेळी मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. आता ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या मंडळ्यांतून फोन येतात तेव्हा तेच तेच सांगत बसते, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं.

आधी ही माणसं कोण असतात ते लक्षात घ्या. निवृत्त शिक्षक, नर्स, शेतकरी, हिशेब ठेवणारे. मुलं मोठी झाली, नातवंडं शाळेत जायला लागली, आणि आता हातपाय चालताहेत तोवर प्रभूसाठी काही करावं म्हणून घराला कुलूप लावून निघालेले. बहुतेक जण स्वतःच्या पेन्शनवर राहतात. लॅटर-डे सेंट्स चर्चमध्ये तर अशा ज्येष्ठ जोडप्यांसाठी ६ ते २३ महिन्यांची मुदत ठरवून दिलेली असते आणि खर्च ज्याचा त्याने करायचा असतो. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले तेव्हा दोघांनीही तिशी गाठलेली नव्हती. १८२७ साली आलेल्या मिशनरी शिक्षिका सिंथिया फॅरार बत्तिशीच्या आसपास होत्या आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी इथेच काढलं. चुकत-माकत शिकायला त्यांच्या हाताशी वर्षं होती. आता येणाऱ्यांच्या हाताशी महिने असतात, आणि गुडघे, झोप, रक्तदाब यांचा विचार करूनच दिवस आखावा लागतो.

माझं सांगणं एकच आहे. त्यांना पाहुणे म्हणून ठेवू नका, त्यांचं बिऱ्हाड लावून द्या. पाहुण्याला आपण ताट वाढून देतो, बिऱ्हाडकरूला दूधवाल्याचा नंबर देतो. पुढे जे लिहिलंय ते सगळं यातूनच आलंय.

तिकीट काढण्याआधी: व्हिसा

हे सगळ्यात आधी, कारण इथे चूक झाली तर बाकीच्या तयारीचा उपयोग नाही. मिशनरी कामासाठी वेगळा मिशनरी व्हिसा असतो. "टुरिस्टवर येऊन जाऊ दे, कोण विचारतंय" असं म्हणणारा एखादा तरी कमिटीत निघतो. त्याचं ऐकू नका. येणारे मूळचे भारतीय असतील, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं, व्हिसाशिवाय येण्या-राहण्याचं कार्ड) असेल, तरी मिशनरी कामासाठी वेगळी परवानगी लागतेच. आणि मिशनरी व्हिसातही धर्मांतरासाठी प्रचार करण्याची मुभा नसते. हे त्यांनाही ठाऊक असायला हवं आणि आपल्या उत्साही तरुण संघालाही. मंडळीतल्या आजारी माणसांना भेटणं, संडे स्कूलच्या शिक्षकांना शिकवणं, कार्यालयाचं काम, वसतिगृहातल्या मुलांचा अभ्यास, नव्याने लग्न झालेल्यांशी बोलणं, एवढं काम वर्षभराला पुरून उरतं. रस्त्यावर पत्रकं वाटायला त्यांना पुढे करू नका.

उतरल्यावर दोन तारखा सांभाळायच्या. परदेशी माणूस ज्याच्या घरात राहतो त्या घरमालकाने किंवा यजमानाने २४ तासांत ऑनलाइन नोंद करायची असते. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर ई-एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) साइटवर १४ दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते. घरमालकाला हे जमेलच असं धरून चालू नका. त्याच्या शेजारी बसून करून द्या आणि पावती छापून फाइलमध्ये लावा. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पाच-सहा झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे डझनभर फोटो आणि भाडेकरार याच फाइलमध्ये असू द्या. सिम कार्ड घेतानाही तीच फाइल उघडावी लागते, शिवाय ओळखीच्या स्थानिक माणसाचा नंबर लागतो. तो आपला द्यायचा.

घर

सेक्टर कुठला यापेक्षा जिना किती, हे आधी विचारा. वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको इमारती मला फार आवडतात, झाडं आहेत, शेजार आहे. पण पुष्कळ इमारतींना लिफ्ट नाही. लिफ्ट नसेल तर पहिला मजला, त्याच्या वर नाही. तळमजल्याला पावसात भिंती ओल धरतात, तोही टाळलेला बरा. घर स्टेशनपासून आणि चर्चपासून रिक्षाच्या एका टप्प्यात असावं, खाली किंवा कोपऱ्यावर केमिस्ट आणि वाण्याचं दुकान असावं.

करार लिव्ह अँड लायसन्सचा, आणि त्याची नोंदणी करायचीच. घरमालक म्हणेल नुसत्या स्टॅम्प पेपरवर भागेल, भागत नाही. एजंटला पहिल्याच फोनवर सांगून टाका की भाडेकरूकडे आधार कार्ड नाही, म्हणजे ऐनवेळी अंगठ्याच्या मशीनसमोर बसून खोळंबा होणार नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी जाऊन भेटा, एनओसी मागा आणि माणसं कोण, कशासाठी येताहेत ते सरळ सांगा. आम्ही पहिल्या वेळी हे सांगायला कचरलो, आणि मग वॉचमनपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत नाही नाही ते तर्क झाले. दुसऱ्या वेळी मीच सेक्रेटरी काकांना घेऊन चहाला बसले. ते म्हणाले, "अहो, आमच्या गणपतीत येतील ना बघायला?" आले, आरतीच्या वेळी चपला काढून मागे उभे राहिले, आणि मोदक कसा करतात ते विचारत बसले.

घरात शिरण्याआधी बाथरूममध्ये भिंतीला धरायची दांडी बसवून घ्या. दोन-तीनशे रुपयांचा प्लंबर आणि एक दांडी, पण ओल्या फरशीवर सत्तरीच्या माणसाला तिचा फार आधार असतो. पाश्चात्त्य कमोड, पाण्याचा फिल्टर, खिडक्यांना डासांच्या जाळ्या आणि जरा घट्ट गादी हेही आधीच करून ठेवायचं.

विजेबद्दल थोडं सविस्तर सांगते. अमेरिकेत १२० व्होल्टची वीज, आपल्याकडे २३०. आयोवाहून आलेल्या आमच्या पहिल्या आजींनी पहिल्याच सकाळी केस वाळवायचं मशीन लावलं, वास आला, धूर आला, आणि त्या पलंगाच्या कडेला हातात वायर धरून गप्प बसल्या. मशीनचं मला काही वाटलं नाही. घाबरून त्यांचा चेहरा उतरला होता, त्याचं वाटलं. तेव्हापासून मी येण्याआधीच लिहून कळवते: प्रत्येक वस्तूच्या मागची पट्टी वाचा, "१००-२४०" लिहिलं असेल तरच आणा. फोन-लॅपटॉपचे चार्जर चालतात. पुष्कळ आजोबा झोपताना श्वासाचं सीपॅप मशीन लावतात, तेही बहुधा चालतं, पण पट्टी वाचायचीच, आणि ते असेल तर घरात इन्व्हर्टर हवाच. रात्री दोनला वीज गेली तर त्यांचा श्वास त्या मशीनवर आहे, हे विसरू नका.

औषधं

तीन महिन्यांची औषधं आणि डॉक्टरची चिठ्ठी बरोबर आणायला सांगा, आणि चिठ्ठीवर ब्रँडच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव हवं. तरी एक घोळ उरतो. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो त्याला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात. दम्याचं सालब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल असतं. आजी केमिस्टच्या काउंटरवर त्यांच्याकडचं नाव सांगतात, पोरगा मान हलवतो, आणि दोघंही रिकाम्या हाती राहतात. म्हणून दोन रकान्यांचा एक कागद करा, तिकडचं नाव आणि इकडचं नाव, आणि तो फ्रिजवर चिकटवा. त्याच कागदावर खाली रुग्णवाहिकेचा १०८, पोलिसांचा ११२, तुमचा नंबर आणि समोरच्या फ्लॅटचा नंबर. घराचा पत्ता मराठीतही लिहा, म्हणजे रिक्षावाल्याला किंवा धावत आलेल्या शेजाऱ्याला फोनवर वाचून दाखवता येईल.

जवळचा एक जनरल फिजिशियन पहिल्या आठवड्यातच दाखवून ठेवा. तब्येत ठणठणीत असताना जा, डॉक्टरांना माणूस कळू द्या.

पहिले पंधरा दिवस

यजमान मंडळी इथेच सगळ्यात जास्त चुकते, आणि आम्हीही चुकलो. पहिलं जोडपं शुक्रवारी उतरलं. रविवारी उपासनेत शाल-श्रीफळ, दुपारी महिला मंडळ, सोमवारपासून रोज संध्याकाळी दोन-दोन घरी कॉटेज मीटिंग, म्हणजे घरातली प्रार्थनासभा. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी बटाटेवडे, आणि प्रत्येक घरी "अजून एक घ्याच". नाही म्हणायचं कसं हे त्यांना ठाऊक नव्हतं. नवव्या दिवशी, भर दुपारी, स्टेशनच्या पुलावर आजोबा कठड्याला धरून उभे राहिले आणि त्यांना पुढचं पाऊल उचलता येईना. माझ्या यजमानांनी आणि एका अनोळखी हमालाने त्यांना खाली उतरवलं, लिंबू-सरबत पाजलं. डॉक्टर म्हणाले, उष्णता, अपुरी झोप आणि शरीरातलं पाणी कमी. मी घरी येऊन रडले, कारण प्रेमापोटी का होईना, ते आम्हीच केलं होतं.

तेव्हापासूनचा नियम असा: पहिल्या पंधरा दिवसांत एकही कार्यक्रम नाही. पहिल्या रविवारी उपासनेत उभं राहून ओळख, "सलाम", आणि घरी. बाकी कोणी बोलावलं तर निरोप माझ्याकडे यावा, मी तारीख देईन. कमिटीला हे आवडत नाही. तुम्ही वाईटपणा घ्या, त्यासाठीच तर तुम्हाला नेमलंय.

दिवस

विमानाच्या प्रवासाने झोप उलटी झालेली असते, त्यामुळे पहिला आठवडा ती दोघं पहाटे तीनला टक्क जागी असतात. त्यावर उपाय सकाळचं ऊन. साडेसहाला चालायला घेऊन जा. नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबईचा तलावाकाठचा रस्ता, वाशीला सागर विहार, ठाण्यात मासुंदा तलाव. थंडीत सीवूड्सच्या पाणथळ जागी फ्लेमिंगो उतरतात. न्यूझीलंडच्या आमच्या आजी निवृत्त नर्स, पक्ष्यांची फार हौस. त्या तिथे दुर्बीण घेऊन उभ्या राहायच्या आणि कॉलेजची मुलं त्यांच्याभोवती गोळा व्हायची. मी मुद्दाम ओळख करून दिलेल्या माणसांपेक्षा जास्त ओळखी त्यांनी त्या दुर्बिणीवर केल्या.

चालून आल्यावर न्याहारी, दोघांची मिळून प्रार्थना, वचनाचं वाचन. साडेनऊ ते साडेदहा मराठीचा धडा. अकराला कामाला बाहेर, दीडला घरी. जेवण, आणि चारपर्यंत झोप. ही दुपारची झोप कुणालाही मोडू देऊ नका, मार्च ते मे आणि ऑक्टोबरात तर अजिबात नाही. साडेपाचनंतर एक भेट, फक्त एक. साडेआठला घरात. आठवड्यातला एक पूर्ण दिवस मोकळा, आणि तो रविवार असू शकत नाही, कारण रविवारी ती दोघं सगळ्यात जास्त राबतात. आमच्याकडे सोमवार ठरला.

नातवंडांशी बोलायची वेळ दिवसाच्या आखणीत पक्की बसवा, उरल्या वेळात ढकलू नका. अमेरिकेतलं घड्याळ मार्चमध्ये एक तास पुढे आणि नोव्हेंबरमध्ये एक तास मागे सरकतं, आपलं सरकत नाही. न्यूझीलंडचं सप्टेंबर आणि एप्रिलमध्ये सरकतं. ज्या रविवारी हे होतं, त्या रविवारी आजी फोन घेऊन बसतात, पलीकडे कोणी उचलत नाही, आणि पुढचा सगळा दिवस त्या उदास असतात. कॅलेंडरवर लाल पेनने आधीच खूण करा.

भाषा आणि बाजार

"चर्चमध्ये सगळ्यांना इंग्रजी येतं, मराठी कशाला?" असं त्यांना कोणी सांगत असेल तर थांबवा. चर्चमधल्या आजींना येत नाही, भाजीवालीला येत नाही, आणि ज्या घरात आजारपण आहे तिथे माणूस आपल्याच भाषेत रडतो.

पण व्याकरणापासून सुरुवात करू नका. मी भाजीच्या मापापासून करते: पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, पावणेदोन, दोन, अडीच. बाहेरच्या माणसाला हे डोंगराएवढं वाटतं, कारण त्यांच्याकडे दीड आणि अडीचला स्वतंत्र शब्दच नाहीत. मी ओट्यावर तांदूळ मोजून शिकवलं. एक वाटी, त्यात पाव वाटी टाकली की सव्वा. आणखी पाव टाकली की दीड. आयोवाच्या आजोबांनी आयुष्यभर मका मोजला होता, त्यांना ते हातानेच कळलं. तिसऱ्या दिवशी मी त्यांना सेक्टरच्या भाजी बाजारात नेलं, भाजीवालीच्या समोर उभं केलं आणि दहा पावलं मागे जाऊन थांबले. "मावशी, सव्वा किलो कांदे." मावशींनी वर पाहिलं, कांदे तोलले, आणि वर मूठभर कोथिंबीर घातली. माझ्यासाठी मावशींनी कोथिंबीर कधी अशी घातलेली मला आठवत नाही.

ते दहा पावलं मागे जाणं तुम्हाला जमलं पाहिजे. किंमत चुकली, पाच रुपये जास्त गेले, जाऊ देत. पुढे होऊन बोललात की मावशी तुमच्याशीच बोलणार, आणि आजोबा पुन्हा पाहुणे होणार.

आणखी एक शब्द पहिल्याच आठवड्यात शिकवा. निघताना "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं. आजींनी "येते". का, ते समजावून सांगा. ज्यांनी मागे घर आणि माणसं सोडली आहेत त्यांना ते लगेच पोचतं.

सुट्टे पैसे घरात एका डब्यात ठेवायला सांगा, दहा-वीस-पन्नासच्या नोटा. इथलं बँक खातं नसताना फोनवरून पैसे देणं अवघड जातं आणि कुणाकडेच सुट्टे नसतात. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायचा, तेही दाखवा. कुकर मात्र स्वतः शेजारी उभं राहून तीनदा लावून घ्या. पहिल्या शिट्टीला आजी घाबरतात, चौथ्या दिवशी वरण-भात करून तुम्हाला बोलावतात. तिखट हळूहळू. मिसळ महिनाभराने.

प्रवास आणि पाऊस

लोकल शिकवायचीच, पण अकरा ते चारच्या वेळेत. नेरूळहून वाशी हा पहिला धडा. ठाण्याला ट्रान्स-हार्बरने नेताना परत यायचे प्लॅटफॉर्म नऊ आणि दहा, हे तिथेच उभं करून दाखवा. ठाण्यात गेलात तर सेंट जेम्स चर्च दाखवून आणा, १८२५ साली कलकत्त्याचे बिशप हेबर यांनी त्याचं समर्पण केलं होतं. आमचे आजोबा तिथल्या बाकावर बराच वेळ काही न बोलता बसून होते.

जूनच्या आधी रबरी तळव्याच्या, पाण्यात न घसरणाऱ्या चपला घेऊन द्या. साचलेल्या पाण्यातून चालायचं नाही, लेप्टोची (अशा पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती असते. पाय ओले झालेच तर घरी येऊन साबणाने धुवायचे आणि ताप आला तर दोन दिवस वाट न बघता डॉक्टरकडे. आपल्या थर्मामीटरवर आकडा फॅरेनहाइटमध्ये येतो. अमेरिकनांना तो कळतो; न्यूझीलंडच्या आजींनी १०१ बघितलं आणि मशीन बिघडलंय असं समजून ठेवून दिलं, नर्स असूनही. मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी सगळ्या भेटी रद्द, आणि हा निर्णय तुम्ही घ्यायचा, त्यांच्यावर सोडायचा नाही. दिलेला शब्द मोडायला ती माणसं तयार होत नाहीत.

पैशांची गोष्ट

कोणीतरी त्यांच्याकडे मदत मागणारच. कुणाच्या मुलाची फी, कुणाचं ऑपरेशन, चर्चच्या छपराची गळती. त्यांचं मन मोठं असतं आणि ते खिशात हात घालतात. मंडळीच्या पदाधिकाऱ्यांना आधीच स्पष्ट सांगून ठेवा: परदेशी नागरिकाने संस्थेला दिलेली देणगी ही परदेशी देणगी धरली जाते, ती इथे रोखीने हातात दिली तरीही. एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेता येत नाही. नोंदणी असेल तर दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच यायला हवी. दानपेटीत त्यांनी काय टाकावं हाही प्रश्न यातूनच येतो, तो पाळकांनी संस्थेच्या सीएला विचारून त्यांना सांगावा. घरोघरी मागणाऱ्यांसाठी त्यांना एक वाक्य द्या: "आम्ही कमिटीला विचारून सांगतो." आणि मग ती मागणी तुम्ही कमिटीसमोर खरंच ठेवा. नाहीतर ते वाक्य खोटं ठरतं.

निघताना

महिनाभर आधी घरमालकाला लेखी नोटीस, डिपॉझिटची तारीख, विजेचं आणि गॅसचं शेवटचं रीडिंग फोटो काढून, दूधवाल्याचा हिशेब. निरोपाचे कार्यक्रम दोन, जास्त नाहीत. सामान वाटून टाकायची घाई करू नका. कुकर, इन्व्हर्टर, जाळ्या, बाथरूमची दांडी, सगळं पुढच्या जोडप्यासाठी एका ट्रंकेत.

माझ्याकडच्या ट्रंकेत सगळ्यात वर न्यूझीलंडच्या आजींची वही आहे. डाव्या पानावर भाजीचं चित्र, उजव्या पानावर रोमन लिपीत मराठी नाव आणि खाली देवनागरीत पुन्हा. "भेंडी"चा अनुस्वार आधी विसरून मग वेगळ्या शाईने दिलेला. शेवटच्या पानावर वाटीची चित्रं: पाव, अर्धी, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. तिसऱ्या जोडप्याला पहिल्या सकाळी चहाबरोबर मी ती दिली, आणि दुपारी गेले तेव्हा ओट्यावर तांदूळ सांडलेले होते.